पाठवण्याआधी पोचलेलं विमान

दिनांक : मागच्या डिसेंबरातल्या दत्तजयंतीचा आदला दिवस. सकाळचा चहा झाल्यानंतर.
हजर : कसबा बावडा येथे मी, वैशाली मगदूम, आणि आमचा नेटवर्कवाला संदीप पाटील. हातकणंगले येथे कॅप्टन माने, आणि त्यांच्या शेजारच्या कंट्रोल रूममध्ये तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी अश्विनी.
गैरहजर : कोणी नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "लाईनवर आणखी कुणी होतं का?" नव्हतं.

मी या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव वाचते ते पेपर तपासल्यासारखे. इथे फ्यूज उडाला असेल, इथे मांजर असेल, इथे सांगणाऱ्याला ताप असेल... अशी कारणं लावत जाते आणि बहुतेक लागतात. आमच्या सासूबाई अमावास्येला गाडी बाहेर काढू देत नाहीत. मी नेमकी त्याच दिवशी सर्व्हिसिंगला नेते, कारण गर्दी नसते. तर असल्या बाईचा हा अनुभव आहे. कुणाला कारण लावता आलं तर जरूर लावा, मी खरंच आभार मानेन.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची लहानशी कंपनी वैमानिकांच्या सरावाचे सिम्युलेटर एकमेकांना जोडून देते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभी असलेली कॉकपिटची बंद खोली. आत खुर्ची, विमान वळवायची स्टिक, डायल सगळं खऱ्यासारखं, आणि काचेऐवजी पडदे. एक कॉकपिट आमच्याकडे बावड्यात, दुसरं हातकणंगल्याला एका प्रशिक्षण संस्थेच्या शेडमध्ये. दोन्ही विमानं एकाच खोट्या आकाशात उडतात. खाली आपलाच मुलूख काढलाय — पंचगंगा, ऊस, हातकणंगल्याचं स्टेशन. संदीपने बावड्यातलं स्वतःचं घरसुद्धा काढून ठेवलंय, गच्चीवरच्या निळ्या टाकीसकट.

तिथल्या माणसाने विमान वळवलं की इथल्या पडद्यावरही ते लगेच वळलं पाहिजे. त्यासाठी तिथला कॉम्प्युटर सतत छोटे छोटे संदेश पाठवत असतो : मी इथे आहे, इतका कललोय, या वेगाने चाललोय. प्रत्येक संदेशावर अनुक्रमांक आणि पाठवल्याची वेळ असते. संदेश पोचायला किती वेळ लागला आणि वाटेत किती हरवले हे मोजणं माझं काम. एखादा हरवला तर इथला कॉम्प्युटर अंदाजाने विमान पुढे नेतो, पण होतं तसंच. सरळ चाललं असेल तर सरळ. नवीन वळण तो स्वतःच्या मनाने कधीच घेत नाही.

आता कॅप्टन माने. आयुष्यभर खरी विमानं उडवलेला माणूस. हृदयाच्या तपासणीत नापास झाले आणि लायसन गेलं. तेव्हापासून आमच्या चाचण्यांना तेच बसतात. मला त्यांची एकच काळजी असायची. कॉकपिटचं दार ते आतून कडी लावून बंद करायचे, कारण शिकाऊ मुलं येता-जाता डोकावतात. दार उघडलं की सुरक्षेसाठी सिम्युलेटर जागच्या जागी गोठतो आणि रन बाद होतो. रन म्हणजे एक चाचणी. "दार उघडल्यास रन बाद" हा नियम माझाच. पण कडी नको, नुसतं लोटून घ्या, असं मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. आत काही झालं तर बाहेरून कडी काढता येत नाही.

"बाई, आभाळातनं उतरवलं मला. आता ह्या खोलीत तरी मोकळं बसू द्या की."

त्या दिवशीही तेच झालं. आमचं बोलणं साध्या मोबाईलवर, स्पीकर लावून चालायचं. सिम्युलेटरच्या लाईनशी त्याचा संबंध नाही.

"सर, कडी लावलीत?"

"लावली. तुमच्या यादीत ते बी हाय व्हय?"

"आहे. तिसऱ्या नंबरला."

"मग खोडून टाका. चला, माझी मंडळी उद्या दत्ताच्या दर्शनाला वाडीला जायचं म्हणत्यात. लवकर सोडा."

रन एक सुरू केला. संदेशाला लागलेला वेळ उणे आला, म्हणजे संदेश पाठवण्याआधी पोचला. यात घाबरण्यासारखं काही नसतं. हातकणंगल्याचं घड्याळ पुढे असेल आणि बावड्याचं मागे, तर तिथून अकराला निघालेला माणूस इथे पावणेअकराला पोचलेला दिसतो. तो जादूगार नसतो, घड्याळ चुकलेलं असतं. आमचा ठरलेला शिरस्ता आहे : रन बाद, घड्याळं जुळवा, पुन्हा सुरू. संदीपने जुळवली.

रन दोनलाही वेळ उणे. आणि आधीपेक्षा जास्त उणे.

घड्याळं जुळवायला दोन्हीकडे छतावर उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या अँटेना आहेत. संदीप वर जाऊन आला. "अँटेना चांगली हाय मॅडम. कावळ्यानं बी काय केलेलं न्हाय." तिकडे अश्विनीनेही बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.

म्हणून रन तीनला आम्ही आमची घरगुती पद्धत वापरली. तिला घड्याळच लागत नाही. कॅप्टन स्टिकला हलकासा झटका देतात आणि त्याच क्षणी फोनवर म्हणतात, "घ्या." आम्ही पडद्याकडे बघत बसतो. "घ्या" ऐकू येणं आणि पंख हलणं, दोन्ही जवळजवळ एकदम व्हायला हवं. पंख जरा मागे राहिला तर तो आमचा उशीर. इतकं सोपं.

मी म्हटलं, "सर, द्या झटका."

पडद्यावर त्यांच्या विमानाचा पंख खाली झाला, वर आला, सरळ झाला. आणि मग फोनवरून आवाज आला, "घ्या."

संदीप हसला. "सर, हलवताना म्हणा की. मागनं काय म्हणताय?"

"हलवतानाच म्हटलं, पाटील."

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.

पुन्हा तेच. या वेळी मधला वेळ आवंढा गिळता येईल एवढा होता. घड्याळाची चूक म्हणावी तर यात घड्याळ नव्हतंच. फोन मागे पडतोय म्हणावं, तर आमची प्रश्नोत्तरं नेहमीसारखी लगोलग चालली होती. संदीपने हसणं थांबवलं आणि फोन उचलून उगाचच कानाला लावून बघितला.

कॅप्टनना वाटलं आम्ही त्यांची चेष्टा करतोय. "असं करा, मी मनात एक बाजू धरतो. डावी का उजवी, तुम्ही पडद्यावर बघा आणि सांगा. मग कळंल कोण झोपलंय ते."

ते हे बोलत असतानाच पडद्यावर उजवा पंख खाली गेला. मी संदीपच्या हाताला हात लावून त्याला गप्प बसवलं. "करा सर."

थोड्या वेळाने फोनवर, "घ्या. केलं. सांगा आता."

"उजवी."

"बरोबर हाय. पण बाई, मी डावी धरलेली. ऐन वेळी बदलली. म्हटलं तुम्हाला फसवावं."

मी त्यांना आधी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे आमचं ऐकून त्यांनी बदलली असंही नाही. उजवी करायची हे त्यांनी ठरवायच्या आधी उजवा पंख आमच्याकडे आला होता. संदीप हळूच म्हणाला, "मॅडम, आज आटपूया. उद्या दत्तजयंती, परवा बघू."

मी नको म्हटलं. बिघाड शोधायचा तर तो चालू असतानाच शोधावा लागतो, परवा तो हजर नसतो. पुढच्या आठवड्यात संस्थेची तपासणी होती आणि त्यांच्यासमोर हे झालं असतं तर काय उत्तर देणार? तेव्हा रन चार : जोडीने उड्डाण. संदीप आमच्या कॉकपिटमध्ये बसला. मी बाहेर मोठ्या पडद्यासमोर. कॅप्टनना तिकडे संदीपचं विमान नेहमीसारखंच दिसत होतं. जे काही होत होतं ते फक्त हातकणंगल्याहून बावड्याकडे येताना.

सुरुवातीला ठीक चाललं. म्हणजे विचित्रपणे ठीक. कॅप्टनचं विमान संदीपच्या उजवीकडे येऊन स्थिर व्हायचं आणि बऱ्याच वेळाने फोनवर ते म्हणायचे, "आता मी उजवीकडं येतोय." मधलं अंतर वाढत चाललं होतं. मी आकडे बघणं सोडून दिलं होतं आणि नुसती ऐकत होते.

कॅप्टन गप्पांच्या मूडमध्ये होते. "वाडीला आता बासुंदी पहिल्यासारखी न्हाय राहिली. पण आमच्या मंडळींना तिथलीच लागती. डॉक्टर म्हणतोय गोड बंद. म्हटलं, दत्ताच्या दारातलं गोड कसं बंद करायचं..."

आणि पडद्यावर त्यांच्या विमानाचा डावा पंख कलायला लागला.

झटका नव्हता तो. सावकाश, एखादं जड काहीतरी स्टिकवर टेकल्यासारखा. नाक खाली गेलं. विमान डावीकडे गोल घेत उतरायला लागलं आणि कुणी ते सावरत नव्हतं. चांगला वैमानिक झोपेतही सावरतो, हात आपोआप जातो. इथे हातच नव्हता.

आमच्या कॉकपिटमधून संदीपचा आवाज आला, "मॅडम, सर खाली निघालेत की."

मी फोनवर विचारलं, "सर, आता काय करताय?"

"काय करणार, सरळ चाललोय. पंचगंगा ओलांडली. तुमच्या पाटलाच्या घरावरची टाकी दिसायला लागली."

पडद्यावर विमान गोल गोल खाली येत होतं. नदीकाठचा ऊस मोठा होत होता.

"उंची किती आहे सर?"

"दिली हाय तेवढीच. का वो?"

विमान उसात गेलं. पडदा लाल झाला. जमिनीला धडकल्यावर होतो तसा. आणि फोनवर कॅप्टन माने बासुंदीचं पुढे सांगत होते.

मला त्या वेळी काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी एवढाच हिशेब केला : पडदा चुकीचा असेल तर दार उघडून एक रन वाया जाईल. पडदा बरोबर असेल तर त्या बंद दाराआड एक माणूस आहे आणि कडी आतून आहे. दुसऱ्या फोनवरून अश्विनीला लावला.

"कॉकपिटच्या दाराशी जा. पळत."

"मॅडम, रन चालू आहे. दार उघडलं तर..."

"माहीत आहे. जा."

मग कॅप्टनना म्हटलं, "सर, कडी काढा."

"का?"

"काढा ना."

"रन बाद हुईल की."

"होऊ दे."

ते मोठ्याने हसले. "मगदूम बाईंच्या तोंडून हे? पाटील, ऐकलंस का? आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?"

फोनमधून अश्विनी दार ठोठावताना ऐकू येत होती. कॅप्टन तिला आतून ओरडले, "थांब पोरी, रन संपू दे." मी त्यांना काय सांगणार होते? की सर, मी तुम्हाला पडताना बघितलंय? ते आणखी हसले असते, आणि हसण्यात जो वेळ गेला असता तो माझ्याकडे किती उरलाय हे मला ठाऊक नव्हतं. आजवर मी चाचणीत कधी खोटं बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"सर, तुमच्या केबिनमध्ये शॉर्टसर्किट दाखवतंय. वायर जळतेय. ताबडतोब बाहेर या."

वैमानिकाला आग म्हटलं की तो वाद घालत नाही. कडी सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं. सिम्युलेटर गोठला.

"वास तर कसला न्हाय..." कॅप्टन म्हणाले. "अश्विनी, तुला वास येतोय का गं... वास... जरा पाणी..."

नंतर काहीतरी पडल्याचा आवाज. आणि अश्विनी ओरडत होती, "सर, सर, मॅडम, सर पडले."

ते खुर्चीतून डावीकडे कलले आणि उघड्या दारातून तिच्या अंगावर आले. संस्थेत सगळ्यांना छाती दाबायचं प्रशिक्षण दिलेलं आहे. मी फोनवर नुसती मोजून देत होते आणि ती दाबत होती. संदीप एव्हाना गाडी काढायला धावला होता, इथून हातकणंगल्याला तो काय करणार होता देव जाणे. तिकडच्या ड्रायव्हरने त्यांना आधी गावातल्या दवाखान्यात आणि मग कोल्हापुरात आणलं. वाडीला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला होता, तरी आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं त्या क्षणी शेजारी माणूस होता म्हणून हे शक्य झालं.

कॅप्टन वाचले. आता मुद्द्याचं.

चार दिवसांनी आम्ही दोन्हीकडचे आकडे समोरासमोर ठेवले. पाठवलेल्यातून पोचलेले वजा केले की हरवलेले मिळतात. रन चारमध्ये हरवलेले उणे येत होते. हातकणंगल्याच्या कॉम्प्युटरने दार उघडेपर्यंत जेवढे संदेश पाठवले, त्याहून कितीतरी जास्त आमच्याकडे पोचले होते. अनुक्रमांक सलग, कुठेही खंड नाही. तिकडच्या नोंदीत विमान शेवटपर्यंत सरळ आणि आकाशात. आमच्या नोंदीत ते उसात.

संदीपने पहिली शंका काढली ती जुन्या रेकॉर्डिंगची. कुणा शिकाऊ मुलाने पाडलेलं विमान चुकून मध्ये घुसलं असेल. शोधलं. त्या जागी, तशा प्रकारे कुणीच कधी पाडलेलं नाही. शिवाय जुन्या रेकॉर्डिंगला कॅप्टन उजवी करणार हे कसं कळलं? संस्थेच्या माणसाने आमच्या सॉफ्टवेअरवर ढकललं, आम्ही त्यांच्या लाईनवर. संदीपच्या आईने दत्त महाराजांवर सोपवलं आणि विषय मिटवला. त्या दिवसानंतर आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तीच लाईन तपासली. वेळ नेहमीसारखा, उणे एकदाही नाही.

मला जे खरं सतावतं ते वेगळंच. उजव्या पंखाच्या वेळी जे आधी पोचलं तेच पुढे घडलं, अगदी कॅप्टननी मन बदललं तरीही. म्हणजे पोचलेलं टळत नाही असं धरावं. मग उसातलं विमान कसं टळलं? आणि टळतं असं धरलं, तर आधी पोचलेला उजवा पंख कुठून आला? एक बाजू लावली की दुसरी सुटते. मी दोन्ही लावून बघितल्या आहेत.

जानेवारीत कॅप्टनना भेटायला घरी गेले. माने वहिनींनी दार उघडलं, आणि आतून आवाज आला, "शॉर्टसर्किट कुठं झालतं, ते आधी सांगा."

मी खरं काय ते सांगितलं. सगळं, क्रमाने. माझं संपल्यावर ते पंख्याकडे बघत म्हणाले, "मग उसात गेला त्यो कोण?"

वहिनी म्हणाल्या, "चहा गार व्हायलाय," आणि कप पुढे सरकवला.

निघताना कॅप्टन म्हणाले, "रन बंद केला का?"

"नाही अजून."

"मग मी येतो. माझा हाय त्यो."

"बसा गप," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीचं नाव काढू नका."

अडचण अशी आहे. दार उघडून गोठलेला रन बाद धरला तरी बाहेरून बंद करता येत नाही. कुणीतरी आत बसायचं, दार लावायचं, रन पुन्हा चालू करायचा, मग 'समाप्त' दाबायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण पुन्हा चालू केला की तिकडचा कॉम्प्युटर जिथे थांबला होता तिथल्या पुढच्या अनुक्रमांकापासून संदेश पाठवायला लागणार. ते अनुक्रमांक आमच्याकडे आधीच पोचलेले आहेत आणि त्यात काय आहे ते मी बघितलंय. वीज तोडून मोकळं व्हावं तर रनची तिकडची नोंद जाते, कारण ती 'समाप्त' दाबल्यावरच जतन होते, आणि मग माझ्याकडे दाखवायला एकच बाजू राहते.

त्यामुळे हातकणंगल्याच्या शेडमध्ये पडद्यावर अजून ते विमान पंचगंगेपलीकडच्या आकाशात सरळ उभं आहे. अश्विनीने यूपीएसची बॅटरी बदलली पण आत बसली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही आलात की करूया." संदीपला विचारलं तर त्याला त्या दिवशी नेमकं लग्न निघतं. संस्थेला कॉकपिट परत हवंय, त्यांचा दर सोमवारी फोन येतो. मी दर सोमवारी सांगते, या आठवड्यात करतो.

मी स्वतः बसायला हरकत नाही, असं मी म्हणते. माझं हृदय चांगलं आहे, मागच्या महिन्यात तपासून घेतलं. आज सकाळी यादी केली, बाकी सगळ्या कामांपुढे कुणाचं ना कुणाचं नाव पडलं. एक राहिलं.

रन चार बंद करणे. आत कोण बसणार :